फेटर योस्ट बाहेर जातात

योस्ट कुंडर्ट चीजचा गोल कधी कापून बघत नसत. तळघरात फळ्यांवर गाडीच्या चाकाएवढे गोल ओळीनं मांडलेले असत. त्यातल्या एकावर कान टेकवायचा, बोटाच्या पेरानं दोनदा टकटक करायची आणि डोळे मिटून उभं राहायचं. आत भोकं बरोबर पडली असली तर एक आवाज, जास्त पडली असली तर दुसरा, मुळीच पडली नसली तर तिसरा. मला तिन्ही सारखेच ऐकू यायचे.

"तुझा कान शाळेतला आहे, रोझीना," ते म्हणायचे. "पोरं आपणहून बोलतात. याला बोलतं करावं लागतं."

आमच्या न्यू एंगी गावात त्यांना सगळेच फेटर योस्ट म्हणत. फेटर म्हणजे खरं तर नात्यातला भाऊ, पण आमच्याकडे कुठल्याही वडीलधाऱ्या पुरुषाला तसंच म्हणतात. फेटर योस्टांच्या बाबतीत मात्र निम्म्या गावाचं ते नातं खरोखरच होतं, आणि पुढं जे काही झालं ते त्यामुळंच झालं.

१८८९ साली ते स्वित्झर्लंडमधल्या ग्लारुसच्या डोंगरातून निघाले तेव्हा एकोणीस वर्षांचे होते. वडील पाटीच्या दगडाच्या खाणीत कामाला होते, धुळीनं त्यांची छाती गेली होती. मुलानं खाणीत जाऊ नये एवढाच आईचा हट्ट. तिनं गाठोड्यात दोन सदरे, एक बायबल आणि हिरव्या चीजचे चार गड्डे बांधून दिले. हे आमचं हिरवं चीज डोंगरातल्या एका पाल्यानं मुरवतात, आणि ज्यांना त्याची सवय नाही त्यांना त्याच्या वासानं घेरी येते. बोटीत तिसऱ्या वर्गात माणसं खच्चून भरलेली होती, पण तिसऱ्या दिवशी योस्टच्या आजूबाजूच्या झोपायच्या चारही फळ्या रिकाम्या झाल्या.

"अख्ख्या बोटीत पाय पसरून झोपलेला मी एकटाच," ते सांगायचे.

न्यूयॉर्कच्या बंदरावर अधिकाऱ्यानं गाठोडं उघडलं, लगेच मिटलं आणि विचारलं, "हे मेलं कधी?" योस्टना इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं. त्यांनी हसून मान डोलावली. अधिकाऱ्यानं गाठोड्यावर तपासल्याची खडूची खूण केली आणि हात लांब धरून त्यांना पुढं ढकललं. इतक्या लवकर अमेरिकेत दुसरं कोणी शिरलं नसेल, असं त्यांचं म्हणणं.

विस्कॉन्सिनमध्ये त्यांनी सात वर्षं दुसऱ्याच्या कढईखाली लाकडं सारली. मग विलोच्या ओढ्याकाठी, पुलाला लागूनच एक जुनी कोठी घेतली आणि स्वतःचा चीजचा कारखाना घातला. एल्स्बेथ ब्लेसीशी लग्न केलं. एल्स्बेथला नऊ भावंडं. योस्टनी स्वतःचे दोन भाऊ तिकडून बोलावून घेतले. भावांची लग्नं झाली, मेव्हण्यांची झाली, मुलांची झाली. पंचवीस वर्षांनी रविवारी पाद्री चर्चमध्ये उभे राहून "प्रिय बंधुभगिनींनो" म्हणायचे तेव्हा ते शब्दशः खरं असायचं.

इथल्या स्विस माणसांत मी आणि माझा नवरा क्रिस्टेन रोथ तेवढे बाहेरचे. आम्ही बर्नकडचे. मी शिक्षिकेचा अभ्यास पुरा करून इथल्या शाळेवर आले आणि क्रिस्टेनशी लग्न करून इथलीच झाले. बर्नची माणसं संथ असतात असं सगळं स्वित्झर्लंड म्हणतं. क्रिस्टेनला लग्नाचं विचारायला अकरा महिने लागले, तेव्हा मी त्यावर वाद घालत नाही.

आता पुलाचं सांगते. ओढ्याच्या अलीकडं आम्ही, आमची शेतं आणि फेटर योस्टांचा कारखाना. पलीकडं शाळा, चर्च, पोस्ट, स्टेशन आणि गावसभेचं सभागृह. त्याच्याही वर टेकडीवर नॉर्वेजियन लोकांची घरं. मधे लाकडी पूल. त्याच्या चौसष्ट फळ्या होत्या आणि त्यातल्या नऊ वाईट. मला माहीत आहे, कारण मी रोज मोजायचे. माझ्या दोघी मुली, रेगुला आणि व्रेनी, त्या पुलावरून शाळेला जात. मी त्यांना पाठच करून दिलं होतं: चौथी ओलांडायची, अकरावी-बारावी एका उडीत, सतराव्या फळीवर डावीकडं पाय द्यायचा. मोठी रेगुला नीट ऐकायची. व्रेनीला त्याचा खेळ वाटायचा. "आई, आज मी सगळ्या फळ्यांवर एका पायावर उड्या मारत आले!" हे ऐकून माझ्या हातातली बशी पडली होती.

गावचा चेअरमन एमस प्रुइट. त्याचं स्टेशनजवळ दुकान होतं. माणूस वाईट नव्हता, पण पुलाचं नाव काढलं की म्हणायचा, "तो पूल माझ्या सासऱ्यानं त्यावरून मळणीयंत्र नेलं तेव्हापासून उभा आहे."

"म्हणजे किती वर्षं झाली?" मी एकदा विचारलं.

"म्हणूनच तर म्हणतो, मजबूत आहे."

१९२२ च्या पानगळीत एका सकाळी बाल्त्स ब्लेसीच्या दुधाच्या गाडीचं चाक फळीतून खाली गेलं. घोडा वाचला, बाल्त्सही वाचला, दुधाचे चार कॅन मात्र ओढ्यात पडले. पार वळणावरच्या झाडांपर्यंत पाणी पांढरं झालं. मी मुलींचे हात धरून काठावर उभी होते. गेली होती ती चौथी फळी.

मी तशीच कारखान्यात गेले. फेटर योस्ट कढईत कोपरापर्यंत हात घालून फाटलेलं दूध चाचपत होते. एल्स्बेथ फडकी पिळत होती.

"फेटर योस्ट, तुम्ही चेअरमनपदाला उभे राहा."

"पहाटे चारपासून उभाच आहे."

"चेष्टा नको. आज दूध पडलं. उद्या..."

त्यांनी हात बाहेर काढून पुसला. "वाईट फळ्या कुठल्या कुठल्या?"

मी नऊही आकडे सांगितले.

"एवढं तोंडपाठ आहे तर तूच राहा की उभी."

"मला कोण मत देणार? मी बर्नची. इथं मतं आहेत ती तुमच्या सोयऱ्यांची."

एल्स्बेथ फडकं झटकत म्हणाली, "राहा रे उभा. घरात तुझं कोणी ऐकत नाही, निदान गावात तरी ऐकतील."

एप्रिलच्या पहिल्या मंगळवारी गावसभा भरली. आमच्याकडं तेव्हा हात वर करूनच निवड व्हायची. सभागृहात कुंडर्ट आणि ब्लेसी मिळून त्रेचाळीस जण होते. टेकडीवरचे नॉर्वेजियन आणि सडकेवरचे बाकीचे सगळे मिळून तेवढेच. त्या दुसऱ्या घोळक्यातही पुलासाठी आलेली सात-आठ माणसं होतीच. प्रुइटनं हरणार हे ओळखून आपली चष्म्याची पेटी आधीच खिशात टाकली होती.

क्रिस्टेननं उठून नाव सुचवलं. उठायला त्याला वेळ लागला, पण नाव त्यानं स्पष्ट सांगितलं. "योस्ट कुंडर्ट."

फेटर योस्ट उभे राहिले. टोपी घेतली, प्रुइटला मान लववली आणि दाराकडं चालू लागले. त्यांच्या मागं त्यांचा धाकटा भाऊ हाइरी उठला. मग दोघे मुलगे. मग एल्स्बेथनं सुस्कारा सोडून विणकाम गुंडाळलं. मग ब्लेसींचं एक अख्खं बाक, मग दुसरं. एकामागून एक, बूट वाजवत, कोणाशी काही न बोलता त्रेचाळीस माणसं बाहेर गेली आणि शेवटच्यानं दार हळूच लावून घेतलं.

माझ्या शेजारच्या बाकावर टेकडीवरचा टोर्गेर स्कार बसला होता. त्यानं वाकून विचारलं, "जेवायची सुट्टी झाली का?"

काय झालं ते मला कळलं. तिकडं डोंगरात गावापुढं ज्याचं काम निघतं तो माणूस आणि त्याच्या रक्ताची सगळी माणसं उठून बाहेर जातात. हात खाली आले की परत आत. टोपी काढून चर्चमध्ये शिरावं तसं ते अंगवळणी पडलेलं असतं. त्यामुळं कोणी कोणाला सांगितलं नव्हतं, आणि म्हणूनच कोणी हिशोबही केला नव्हता. मी शिकलेली, पण माझ्याही डोक्यात आलं नव्हतं.

कारकुनानं हात मोजले. योस्टना आठ. "आठ," असं त्यानं लिहूनही टाकलं तेव्हा क्रिस्टेनचा हात खांद्यापर्यंत पोचला होता.

प्रुइटला चौतीस. तो खुर्चीत बसून दाराकडं बघत राहिला, जणू कोणी तरी येऊन ही थट्टा होती असं सांगणार आहे.

बाहेर एल्मच्या झाडाखाली त्रेचाळीस जण सभागृहाकडं पाठ करून उभे होते. आत कोणाचा हात वर जातो हे दिसू नये म्हणून.

"काय झालं?" हाइरीनं विचारलं.

"हरलात. चौतीस आणि आठ."

"आठ जण कोण?" फेटर योस्टनी विचारलं. "त्यांच्या घरी चीजचा एकेक तुकडा पाठवायला हवा."

"आणि आम्ही एवढे जण इथं थंडीत कुडकुडलो, त्याचं काय?" एल्स्बेथ म्हणाली.

सगळे मिळून पुलावरून परतलो. चौथ्या फळीपाशी प्रत्येक जण टांग टाकत होता. माझ्यानं राहवलं नाही.

"फेटर योस्ट, तुम्ही नुसते बसून राहिला असतात तरी निवडून आला असतात!"

"स्वतःसाठी स्वतःच हात वर करायचा? आरशापुढं उभं राहून स्वतःलाच सलाम ठोकायचा?"

"ही अमेरिका आहे!"

"हो ना. पण दूध नासायचं तर इथंही तसंच नासतं."

महिनाभर मी त्यांच्याशी बोलले नाही. त्यांनी मात्र शनिवारी शनिवारी स्वतः फळ्या आणून पुलावर ठोकायला सुरुवात केली. चौथी बदलली, अकरावी, बारावी, आणखी दोन. पाचव्या शनिवारी मी त्यांना खिळे धरून द्यायला गेले. "फळ्या माझ्या हातातल्या आहेत," ते म्हणाले. "खालचे खांब नाहीत. ते पार कुजलेत." हे त्यांनी मला सांगायला नको होतं. त्यानंतर मी फळ्यांबरोबर खांबही मोजू लागले.

त्या हिवाळ्यात टोर्गेर स्कार बर्फगाडी घेऊन कारखान्यात आला. मी तिथंच होते. बराच वेळ बूट झटकत उभा राहिला आणि मग म्हणाला, "मिस्टर कुंडर्ट, टेकडीवर पैज लागली आहे. तुम्ही त्या दिवशी बाहेर का गेलात? माझी बायको म्हणते, गाईंची धार काढायची वेळ झाली होती. शेजारी म्हणतो, तुमच्यात भांडण झालं."

फेटर योस्टनी सांगितलं. स्कारनं पुढ्यात ठेवलेला हिरव्या चीजचा तुकडा चावत चावत सगळं ऐकलं.

"म्हणजे तुम्ही निवडून येणार होतात. आणि उठून गेलात."

"हो."

"हे वासाचं चीज खाऊन डोक्यावर परिणाम होतो का हो?"

"होतो. अजून घ्या."

स्कारनं अजून घेतलं.

टेकडीवर हिवाळा लांबलचक असतो आणि बोलायला विषय थोडे. पुढच्या एप्रिलमध्ये फेटर योस्टांचं नाव स्वतः स्कारनंच सुचवलं. त्रेचाळीस जण पुन्हा टोप्या घेऊन उठले. प्रुइट या वेळी निवांत मागं रेलून बसला होता. मग टेकडीची बाकंच्या बाकं हात वर करून उभी राहिली. एकतीस आणि अकरा. क्रिस्टेनचा हात याही वेळी मागं राहिला, पण गरज पडली नाही.

प्रुइट बाहेर पडताना मला म्हणाला, "आत बसले असते तर गेल्या वर्षीच जिंकले असते. या वर्षी बाहेर जाऊन जिंकले. यांच्याशी लढायचं तरी कसं?"

मला वाटलं, झालं. आपला माणूस चेअरमन झाला, आता पूल होणार. जिल्ह्यानं कळवलंही होतं: जूनअखेर गावानं ठराव केला तर निम्मा खर्च जिल्हा देईल, नाही तर ती रक्कम दुसऱ्या गावाला जाईल. फेटर योस्टनी जूनमध्ये खास सभा बोलावली. आणि सभेच्या आठवडाभर आधी, गोल उलटे करता करता, सहज बोलल्यासारखं म्हणाले, "त्या दिवशी सभा चालवायचा हातोडा स्कारच्या हातात देईन. मी बाहेर असेन."

"बाहेर? आता कशाला बाहेर?"

"पूल माझ्या कारखान्याच्या दारात उतरतो. वीस पावलं. तो माझ्याच कामाचा झाला की."

"आणि सगळे कुंडर्ट? सगळे ब्लेसी?"

"त्यांना मी काही सांगत नाही. पण ते येतील."

म्हणजे ज्यांना पूल हवा ते झाडाखाली, आणि ज्यांना त्या पुलावरून कधी जायचंच नाही ते आत बसून त्याचा निकाल लावणार. मी म्हणाले, "फेटर योस्ट, एकदा. फक्त एकदा बसून राहा. माझ्या मुली त्या पुलावरून जातात."

"व्रेनी किती वर्षांची झाली?"

"सात."

"पूल पडलाच तर पहिली उडी पाण्यात मी मारीन, रोझीना. कारखाना तिथंच आहे."

"मला तुमची उडी नकोय! मला तुमचा हात हवाय!"

ते एवढेसे झाले. मग म्हणाले, "तो मला देता येत नाही." नेहमीच्या सवयीनं त्यांनी समोरच्या गोलावर टकटक केली, थांबले, पुन्हा केली. "पण नातेवाईक म्हणायचं कोणाला, हे एकदा बघायला हवं. गेल्या वर्षी एल्स्बेथच्या भावाच्या बायकोच्या बहिणीचा नवराही माझ्यामागं बाहेर आला होता. तो माझा कोण?"

रविवारी चर्चनंतर त्यांनी सगळ्यांना कारखान्यात बोलावलं. कढईच्या कट्ट्यावर उभे राहून म्हणाले, "मी विचार केला. माझ्या मयताच्या जेवणाला जो पहिल्या टेबलावर बसणार, तो माझा नातेवाईक. त्यानं माझ्याबरोबर बाहेर यायचं. जो दुसऱ्या टेबलावर, तो गावकरी. त्यानं आत बसून हवं ते मत द्यावं."

आमच्याकडं मातीहून परतल्यावर मोठं जेवण असतं. पहिल्या टेबलावर जवळची माणसं. तिथं भाजलेलं मांस, नासपतीचा गोड पाव आणि, दारूबंदी असली तरी, टेबलाखाली एक बाटली. दुसऱ्या टेबलावर सॉसेज आणि बटाटे. पहिल्या टेबलावरची जागा म्हणजे मान. ती कोणी आपणहून सोडत नाही.

मग बाल्त्स ब्लेसी पुढं आला. चार कॅन गेलेला हाच. एल्स्बेथचा चुलत भाऊ.

"मी दुसऱ्या टेबलावर बसतो."

"नीट विचार कर. भाजलेलं मांस नाही मिळणार."

"चालेल."

"बाटली नसेल."

बाल्त्सनं मान खाजवली. "पूल अगदी हवाच का?" सगळे हसले. त्याच्या बायकोनं त्याच्या बरगडीत कोपर मारलं. "चालेल, चालेल म्हटलं ना!"

त्याच्यामागून त्याची बायको. मग भावाच्या बायकोच्या बहिणीचा तो नवरा. मग दोन दूरच्या पुतण्या, एक चुलत सासू. हाइरी पण पुढं सरसावला.

"तू नाही," फेटर योस्ट म्हणाले. "तू सख्खा. तू माझ्याबरोबर उन्हात."

"मला मांस आवडतही नाही!"

"मग पहिल्या टेबलावर बसून खाऊ नकोस. पण बसायचं तिथंच."

एकूण अकरा जण झाले. कोणी तरी म्हणालं, नावं लिहून ठेवू या. "लिहायला कशाला हवं? मी ठेवीन लक्षात," फेटर योस्ट म्हणाले.

"तू कसा ठेवशील?" एल्स्बेथनं विचारलं. "तू तेव्हा पेटीत असशील. मी ठेवीन."

सभेच्या दिवशी फेटर योस्टनी हातोडा स्कारच्या हाती दिला, टोपी घेतली आणि बत्तीस माणसं झाडाखाली गेली. अकरा जण आत राहिले, चोरी करताना सापडल्यासारखी तोंडं करून. मी पुन्हा पुन्हा डोकी मोजत होते. हे अकरा, पुलासाठी आधीपासून असलेली आम्ही नऊ माणसं. वीस. बाकी चौतीस.

स्कारनं हातोडा आपटला आणि तेवढ्यात थबकला. माझ्या शेजारी क्रिस्टेनचा हात वर होता, सरळ, ताठ.

"मिस्टर रोथ, अजून ठराव वाचायचा आहे."

"वाचा तुम्ही," क्रिस्टेन म्हणाला. "मला पोचायला वेळ लागतो."

सभागृह हसून हसून लोटपोट झालं. प्रुइटसुद्धा हसला. पण मग तो उठला आणि त्यानं सासऱ्याच्या मळणीयंत्रापासून सगळं पुन्हा सांगितलं. टेकडीवरच्या पुरुषांनी माना डोलावल्या. त्यांचंही बरोबर होतं. कर त्यांनाही भरायचा होता.

मग पहिल्या बाकावरून स्कारची बायको गुन्हिल्ड मागं वळली आणि तिनं सगळ्यांसमोर मला विचारलं, "किती फळ्या वाईट आहेत हो?"

"नऊ होत्या. आता चार. पण खालचे खांब कुजले आहेत."

"आणि तुमच्या मुली कशा जातात?"

"उड्या मारत."

गुन्हिल्डनं नवऱ्याकडं बघितलं.

"माझ्याकडं बघू नकोस," स्कार घाईनं म्हणाला. "माझ्या हातात हातोडा आहे."

"बघत नाहीये," ती म्हणाली. "ज्याच्या दारात पूल उतरणार तो बाहेर उन्हात उभा आहे. आता मी आत बसून कोणाच्या मुलींना ओढ्यात ढकलू?" आणि तिनं हात वर केला. तिच्या मागच्या बाकावरच्या बायकांनी एकमेकींकडं पाहिलं. एक हात, दोन, मग एकदम पुष्कळ. त्यांचे नवरे समोर बघत बसून राहिले.

एकोणतीस आणि चोवीस, हातोडा धरलेल्या स्कारचं मत सोडून. अकरा जण बाहेर असते तर अठराच झाले असते. क्रिस्टेन हात खाली घ्यायला विसरला होता. मीच तो धरून खाली आणला.

मी धावत दाराबाहेर गेले, पण मला सांगावंच लागलं नाही. एल्स्बेथनं नंतर सांगितलं ते असं: फेटर योस्ट सगळा वेळ पाठ करून, डोळे मिटून उभे होते. आधी त्यांनी ते मोठं हसणं ऐकलं. मग बराच वेळ शांतता. मग बाकांची करकर, मग हातोडा, एकदाच. हाइरी विचारणार तोच ते म्हणाले, "पडली भोकं. बरोबर पडली."

पानगळ संपायच्या आत काँक्रीटचा पूल उभा राहिला. व्रेनी पहिल्या दिवशी शाळेतून आली ती तोंड पाडून. "त्या पुलावर काही मजाच नाही," म्हणाली. मी तिला जवळ घेतलं आणि खूप वेळ सोडलं नाही.

पुढं लोकांनी फेटर योस्टना मॅडिसनला राज्याच्या विधानसभेत पाठवलं. तिथं मात्र पंचाईत झाली. गाय, चारा, लोणी, चीज यातल्या कशाचा तरी विषय निघाला की हे आपले टोपी घेऊन बाहेर, आणि विस्कॉन्सिनमध्ये यातल्या कशाचाच संबंध नसलेला कायदा शोधून सापडत नाही. दोन वर्षांत विधानभवनाचा व्हरांडा जेवढा त्यांनी पाहिला तेवढा झाडूवाल्यानंही पाहिला नसेल. मुदत संपल्यावर ते परत आले, पहाटे चारला कढईपाशी उभे राहिले आणि म्हणाले, "इथून मला कोणी बाहेर पाठवत नाही."

१९३६ च्या गवतकापणीत, दुपारच्या जेवणानंतर थोडा वेळ पडले असताना ते गेले. सहासष्ट वर्षांचे होते. मातीला टेकडीची माणसं झाडून आली. प्रुइट आला. रेगुला मॅडिसनहून आली आणि व्रेनी स्वतः मोटार चालवत आली. तिची मोटार पूल ओलांडून अलीकडं येईपर्यंत मी खिडकीतून हलले नाही. आता त्या पुलाला फळ्या नाहीत, हे मला माहीत आहे.

मातीहून परतल्यावर सगळे चर्चच्या तळघरात जेवायला उतरले. एल्स्बेथ हातात पळी घेऊन पायऱ्यांशी उभी होती. बाल्त्स ब्लेसी खाली आला, पहिल्या टेबलावरचं भाजलेलं मांस त्यानं एकदा डोळे भरून पाहिलं आणि न सांगता दुसऱ्या टेबलावर सॉसेजपुढं जाऊन बसला. त्याच्यामागून त्याची बायको. मग भावाच्या बायकोच्या बहिणीचा नवरा. अकरापैकी दोघी आधीच वारल्या होत्या. राहिलेले नऊही जण एकेक करून तिकडंच वळले. बारा वर्षांत कोणी विसरलं नव्हतं. पहिल्या टेबलावर नऊ जागा रिकाम्या राहिल्या.

एल्स्बेथनं त्या जागा बघितल्या. डोळे पुसले. मग पळी उगारून दाराकडं ओरडली, "टोर्गेर! गुन्हिल्ड! तिकडं काय उभे राहिलात? इकडं या, पहिल्या टेबलावर. मिस्टर प्रुइट, तुम्हीही. योस्टचं म्हणणं होतं, इथं बसणाऱ्यानं त्याच्या कामात मत द्यायचं नाही. आता त्याचं काही काम उरलेलं नाही, तेव्हा या."

ते आले. टोर्गेरनं बसल्याबसल्या टेबलाखाली पायानं चाचपून पाहिलं. दारूबंदी उठून तीन वर्षं झाली होती, पण बाटली खालीच ठेवलेली होती.

"आणि क्रिस्टेन," एल्स्बेथनं हाक मारली, "तूही. तुझी जागा योस्टनं आधीच सांगून ठेवली होती."

क्रिस्टेन मागच्या भिंतीशी होता. त्यानं ऐकलं, मान हलवली, टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली आणि निघाला.

"सावकाश ये," एल्स्बेथ म्हणाली. "सूप गरमच ठेवते."